उत्तरांचे कारखाने आणि एक उदबत्ती

जुलै २०२३ मधली गोष्ट. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळाचे जगभरातले चाहते रेडिट या चर्चास्थळावर जमतात आणि खेळातल्या नव्या बदलांवर हुज्जत घालतात. त्यांच्यातल्या काहींच्या लक्षात आलं की, आपण इथे जे बोलतो ते उचलून, शब्द थोडे इकडेतिकडे करून, एक वेबसाइट बातम्या म्हणून छापते आहे. नाव माणसाचं, पण काम सॉफ्टवेअरचं, असा त्यांना संशय आला. मग त्यांनी सापळा रचला. 'ग्लोर्बो अखेर खेळात आला, किती आनंद झालाय म्हणून सांगू' अशा थाटाचा मजकूर एका खेळाडूने टाकला. ग्लोर्बो नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं. बाकीच्यांनी मात्र री ओढली आणि ग्लोर्बोचं तोंड भरून कौतुक केलं. थोड्याच वेळात त्या वेबसाइटवर बातमी झळकली : ग्लोर्बोच्या आगमनाने खेळाडू उत्साहात! बॉटच्या जिवावर चालणाऱ्या एखाद्या मोठ्या न्यूज वेबसाइटने यावर लेख छापावा एवढीच आपली इच्छा आहे, असंही त्या खेळाडूने मूळ मजकुरात लिहून ठेवलं होतं. बातमीत तेही वाक्य आलं. अवतरणचिन्हांत, चाहत्यांच्या आनंदाचा पुरावा म्हणून.

त्या वेबसाइटला ग्लोर्बोशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता गूगलवर शोधायला आलेला माणूस. तो काहीतरी शोधतो, यादीत वर दिसेल त्या पानावर जातो, पानावर जाहिराती असतात आणि त्यांचे पैसे पानाच्या मालकाच्या खात्यात पडतात. एका भेटीमागे हे पैसे अगदीच किरकोळ. म्हणून पानं हजारोंनी लागतात, आणि हजारो पानं जाणत्या माणसांकडून लिहून घेणं परवडत नाही. हा सगळा पेच या एका हिशेबातून निघतो.

शोधयंत्राला सापडेल आणि आवडेल असा मजकूर रचण्याला एसईओ म्हणतात. पुण्या-मुंबईतली कितीतरी मुलं आज या कामावर पोट भरतात; 'कीवर्ड', 'बॅकलिंक', 'रँक' ही त्यांची रोजची भाषा, आणि नवख्या लेखकाचा मोबदला अनेकदा शब्दामागे पैशांत ठरतो. ही विद्या मुळात वाईट नाही. डेंग्यूवर लिहिणाऱ्या डॉक्टरने मथळ्यात 'डेंग्यू' लिहावं, लक्षणं आधी सांगावीत, पान मोबाइलवर पटकन उघडावं, यात वाचकाचंच भलं आहे. गडबड होते ती सांगण्यासारखं काहीच नसताना केवळ जागा अडवायला लिहिलं जातं तेव्हा.

अशी जागा अडवणं शोधयंत्रांइतकंच जुनं आहे. सुरुवातीची शोधयंत्रं पानावर शब्द किती वेळा आला आहे ते पाहायची. लोक पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवायचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी काढली ती वेगळ्या कल्पनेवर. संशोधनाच्या जगात एखाद्या निबंधाचा दाखला जितके जण देतात तितकं त्याचं वजन. तसंच ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते पान वजनदार. मग बोट दाखवणंही विकत मिळू लागलं. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या जुन्या दुकानसाखळीच्या वेबसाइटसाठी असे हजारो दुवे भलभलत्या पानांवर पेरून ठेवलेले होते, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने फेब्रुवारी २०११ मध्ये उघडकीला आणलं. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत काहीही शोधलं की हेच दुकान पहिलं दिसत होतं. दुकानाने आपल्याला याची कल्पना नसल्याचं सांगितलं आणि एसईओ करणाऱ्या संस्थेला काढून टाकलं.

पण दुव्यांची लबाडी तुलनेने बाळबोध. खरा प्रश्न मजकुराचा होता, आणि त्याचा सर्वांत मोठा कारखाना कॅलिफोर्नियात सॅन्टा मोनिकाला उभा राहिला. नाव 'डिमांड मीडिया', साल २००६. नावातच धोरण होतं : मागणी तसा पुरवठा. 'वायर्ड' मासिकाने २००९ मध्ये या कंपनीवर मोठा लेख केला, त्यात तिची रीत तपशिलाने आली आहे. संगणक आधी पाहायचा, लोक काय शोधत आहेत. मग पाहायचा, त्या शब्दांसाठी जाहिरातदार किती मोजायला तयार आहेत, आणि त्या विषयावर आधीच किती पानं आहेत. या तीन गोष्टींचा ताळा जमला की विषय ठरला. संपादकाला काय सुचलं, लेखकाला काय ठाऊक आहे, याचा प्रश्नच नाही. तयार झालेली शीर्षकं घरबसल्या काम करणाऱ्यांपुढे टाकली जात आणि ज्याला जे जमेल ते तो उचलत असे. लेखामागे साधारण १५ डॉलर. तपासणाऱ्याला त्याहून बरेच कमी. त्या काळात ही कंपनी लेख आणि व्हिडिओ मिळून दिवसाला ४,००० नग बाहेर काढत होती.

पंधरा डॉलरमध्ये एखाद्याने नळ दुरुस्तीवर लिहायचं तर तो नळ उघडून पाहील का? पाहिला तर त्या दिवसाची मजुरी गेली. तो गूगलवर जाईल, त्याच विषयावरची पहिली चार पानं वाचेल आणि त्यांचंच पाचवं पान तयार करेल. पुढचा लेखक येईल तेव्हा त्याच्यासमोर ही पाच पानं असतील. लिहिणाऱ्यांचा यात दोष फारसा नव्हता. मंदीत नोकरी गेलेले पत्रकारही त्यांत होते, आणि त्यांना लिहिता येत नव्हतं असं मुळीच नाही. कारखान्याची रचनाच अशी होती की नवी माहिती आणणारा तोट्यात जाई.

शेअर बाजाराला ही रचना फार आवडली. जानेवारी २०११ मध्ये डिमांड मीडिया बाजारात उतरली तेव्हा तिचं मोल दीड अब्ज डॉलरच्या वर गेलं; 'न्यूयॉर्क टाइम्स' चालवणाऱ्या कंपनीपेक्षा जास्त. युद्धभूमीवर वार्ताहर ठेवणाऱ्या वृत्तपत्रापेक्षा 'हे कसं करावं' छापाच्या लेखांचा ढीग महाग ठरला होता. फार काळ नाही. २४ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने आपल्या क्रमवारीत मोठा बदल जाहीर केला. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. ज्याच्या कामामुळे तो शक्य झाला त्या इंजिनिअरचं आडनाव पांडा, म्हणून बदलाचं नावही पांडा पडलं. पुढे जगभरच्या एसईओवाल्यांनी या गोंडस नावाची धास्ती घेतली.

पांडाच्या मुळाशी जे होतं ते मात्र पूर्णपणे मानवी होतं. गूगलने बाहेरच्या परीक्षकांना निरनिराळी पानं दाखवून प्रश्न विचारले. या वेबसाइटला तुम्ही तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर द्याल का? इथे सांगितलेलं औषध तुमच्या मुलांना द्याल का? माणसं कुठे 'हो' म्हणतात आणि कुठे बिचकतात, ते पाहून यंत्राला शिकवलं गेलं. काही महिन्यांनी गूगलने वेबसाइटच्या मालकांसाठी प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. लेखात स्वतः मिळवलेली माहिती, स्वतःचं वार्तांकन, स्वतःचं विश्लेषण आहे का, हा प्रश्न त्यात ठळक होता. डिमांड मीडियाची 'ईहाऊ' ही मुख्य साइट पहिल्या फटक्यातून वाचली आणि एप्रिलमधल्या फेरीत सापडली. पुढची काही वर्षं कंपनी उतरणीला लागली, तिने नाव बदलून 'लीफ ग्रुप' केलं, आणि २०२१ मध्ये ती विकली गेली. तोवर तिची मदार होती ती 'सोसायटी सिक्स' आणि 'साची आर्ट' या दोन बाजारपेठांवर. तिथे चित्रकार स्वतःची चित्रं विकतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मौलिक लेखन म्हणजे कुणालाच न सुचलेलं काहीतरी, असं समजलं की सामान्य लिहिणारा हातच टेकतो. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक काढलं तेव्हा त्यांनी पुरणपोळीचा शोध लावला नव्हता. पण वाटी-चमच्याचं नेमकं प्रमाण त्यांनी दिलं, आणि ते करून पाहिलेलं होतं. नव्याने संसार मांडलेल्या मुलीला त्यावर विसंबता आलं. शोधाच्या जगात मौलिकतेचा अर्थ हाच आहे : लिहिणाऱ्याने मोजलं, चाखलं, तिथे जाऊन पाहिलं, एखाद्याला फोन करून विचारलं; त्यातून जी माहिती आली ती आधीच्या पानांत नव्हती. शैली, विनोद, अलंकार हे सगळं नंतरचं.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आला आणि पंधरा डॉलरचा खर्चही संपला. त्याच सुमारास 'सीनेट' या तंत्रज्ञानविषयक नामांकित अमेरिकी वेबसाइटने पैशांच्या विषयावरचे लेख गुपचूप यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती. जानेवारी २०२३ मध्ये 'फ्यूचरिझम' या प्रकाशनाने ते उघड केलं. चक्रवाढ व्याज समजावणाऱ्या एका लेखात म्हटलं होतं की, १०,००० डॉलर ३ टक्के व्याजाने ठेवले तर पहिल्या वर्षी १०,३०० डॉलर मिळकत होईल. शाळेतला मुलगाही सांगेल की मिळकत ३०० ची, १०,३०० ही झाली एकूण रक्कम. अशा ७७ लेखांची फेरतपासणी झाली तेव्हा ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. सीनेटचे खरे पत्रकार यंत्रं हाताळून, बॅटऱ्या मोजून लिहिणारे. पंचवीस-तीस वर्षांची पत त्यांनी मिळवलेली. तीच पत वापरून क्रेडिट कार्डाची गिऱ्हाइकं पकडायची होती. मालक कंपनीने ही वेबसाइट २०२० मध्ये ५० कोटी डॉलरला घेतली होती. २०२४ मध्ये ती १० कोटींहून थोड्या अधिकाला विकली. या घसरणीचं सगळं खापर त्या लेखांवर फोडणं अन्यायाचं होईल, पण नावाला बट्टा लागला तो लागलाच. विकिपीडियाच्या संपादकांनीही सीनेटची विश्वासार्हता खालच्या पायरीवर नेली.

ऑगस्ट २०२३ मधला मायक्रोसॉफ्टचा किस्सा तर विनोदाच्या पुस्तकात शोभावा असा. कॅनडाची राजधानी ओटावा इथे काय पाहावं, याची यादी त्यांच्या प्रवासविषयक पानावर आली. त्यात तिथल्या अन्नपेढीचं नाव होतं. गरजू कुटुंबांना फुकट धान्य देणारी संस्था पर्यटनस्थळ म्हणून दिली होती, आणि तिथे उपाशीपोटी जावं असा सल्लाही होता. ओटावात एकदा पाऊल ठेवलेल्या माणसाकडून ही चूक होणं अशक्य. मायक्रोसॉफ्टने तो लेख काढून टाकला.

हे फसलेले प्रयोग. यशस्वी प्रयोग अधिक काळजी करण्यासारखे आहेत. एक्सेलच्या सूत्रांचा खुलासा करणारी 'एक्सेलजेट' नावाची वेबसाइट आहे. ऑफिसात अडलेले लाखो लोक तिथे जातात. तिथलं प्रत्येक सूत्र करून पाहिलेलं, उदाहरणासह समजावलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका मार्केटिंगवाल्याने अभिमानाने जाहीर केलं की, आपण एका प्रतिस्पर्ध्याच्या साइटवर दरोडा घातला. त्याने तिच्या सगळ्या पानांची यादी उतरवून घेतली, पत्त्यांवरून शीर्षकं बनवली आणि यंत्राकडून १,८०० लेख लिहून घेतले. ३६ लाख भेटी आपल्या ग्राहकाकडे वळवल्याचा त्याचा दावा होता. ती लुटलेली साइट एक्सेलजेट होती. बोभाटा झाला, आणि नक्कल करणाऱ्या साइटकडे शोधातून येणारी गर्दी लवकरच ओसरली. तरी मधल्या काळात ते चाललं होतं, हे विसरता येत नाही. आरडाओरड झाली म्हणून ते दिसलं. फुशारकी न मारणाऱ्या दरोडेखोरांची मोजदाद कोण करणार?

आता शीर्षकातल्या उदबत्तीबद्दल. 'हाउसफ्रेश' ही हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची परीक्षणं करणारी छोटी वेबसाइट. ही मंडळी यंत्र विकत घेतात, बंद खोलीत उदबत्ती लावून धूर करतात आणि हवेतले सूक्ष्म कण निवळायला किती मिनिटं लागतात ते मोजतात. आवाज किती, वीज किती, वर्षभराच्या फिल्टरचा खर्च किती, सगळ्याचे आकडे आणि फोटो. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी एक लांबलचक लेख लिहून गाऱ्हाणं मांडलं : आमच्या वर दिसतात ती नामांकित मासिकांची पानं, आणि त्यांतल्या अनेकांनी ही यंत्रं तपासल्याचा कसलाही पुरावा दिलेला नाही. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचं यंत्र 'सर्वोत्तम' म्हणून सुचवणारी पानंही त्यांनी दाखवली. मासिकाचं जुनं नाव, त्याखाली भलत्याच कुणीतरी चालवलेला खरेदीचा विभाग, आणि प्रत्येक विक्रीमागे दलाली, असा तो धंदा. मे महिन्यात हाउसफ्रेशने सांगितलं की, गूगलकडून येणारे त्यांचे ९१ टक्के वाचक गेले.

हे एका साइटचं रडगाणं म्हणून सोडून देता येत नाही. जर्मनीतल्या लाइपझिग आणि वायमार इथल्या संशोधकांनी वर्षभर ७,३९२ शोध गूगल, बिंग आणि डकडकगो या तिन्हींवर करून पाहिले. सगळे वस्तूंच्या परीक्षणांचे. २०२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला. वरच्या क्रमांकाच्या पानांवर सरासरीने एसईओ जास्त, दलालीचे दुवे जास्त, आणि मजकुराचा दर्जा खालावल्याच्या खुणा जास्त. गूगल अधूनमधून झाडून काढतं, काही काळ बरं दिसतं, मग नवा कचरा येतो, असंही त्यांना आढळलं.

गूगल स्वस्थ बसलं आहे असं नाही. परीक्षकांसाठीच्या त्यांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वास यांच्या जोडीला 'अनुभव' हा निकष आला. ज्याने वस्तू वापरली, जो त्या गावी राहिला, त्याचं म्हणणं मोलाचं. मार्च २०२४ मध्ये घाऊक मजकुराविरुद्ध धोरण कडक झालं. तो माणसाने लिहिला की यंत्राने, हे न पाहता. शोधातला निकृष्ट, उसना मजकूर ४५ टक्क्यांनी घटल्याचं गूगलने त्यानंतर सांगितलं. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये याच गूगलने 'माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या' मजकुराला वर आणण्याची घोषणा केली होती, आणि सप्टेंबर २०२३ पासून त्यातलं 'माणसांनी' गळालं. स्वतःच यंत्रलेखनाची साधनं विकायला काढलेल्या कंपनीला दुसरं काही म्हणणं अवघडच होतं.

आणि मे २०२४ मध्ये गूगलने अमेरिकेत शोधाच्या माथ्यावर स्वतःच यंत्राचं उत्तर द्यायला सुरुवात केली. पिझ्झावरचं चीज निसटतं, काय करावं, या प्रश्नावर उत्तर आलं की सॉसमध्ये थोडा बिनविषारी गोंद घालावा. हा सल्ला अकरा वर्षांपूर्वी रेडिटवर कुणीतरी थट्टेने दिला होता. रोज एक छोटा दगड खावा, हे 'द अनियन' या उपहासात्मक पत्रातून आलं. माणसाला थट्टा कळते, यंत्राला फक्त वाक्य दिसलं. या चुका पुढे बऱ्याच दुरुस्त झाल्या. त्यामागचा व्यवहार तसाच आहे. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये ९०० अमेरिकी प्रौढांचा प्रत्यक्ष वापर तपासला. यंत्राचा सारांश दिसला की यादीतल्या दुव्यावर जाण्याचं प्रमाण ८ टक्के, न दिसला तर १५ टक्के. सारांशातल्याच मूळ दुव्यावर जाणारे एक टक्का. उदबत्ती कुणी लावायची आणि आकडा कुणाच्या पानावर दिसायचा, याचा हिशेब यात आला.

कायदा मदतीला येईल ही आशाही फार धरू नये. 'जीनियस' ही गाण्यांचे शब्द देणारी साइट. तिथे चाहते गाणी पुन्हा पुन्हा ऐकून बोल उतरवून काढतात. डिझायनर नावाच्या रॅपरचं एक गाणं कुणाला नीट कळेना, तेव्हा जीनियसने थेट त्याच्याकडून शब्द मिळवले. तेच शब्द लवकरच गूगलच्या पानावर दिसले. (गाण्याचं नाव 'पांडा'; योगायोग म्हणायचा.) मग जीनियसने काही गाण्यांत सरळ आणि वळणदार अशी दोन प्रकारची ॲपॉस्ट्रॉफी चिन्हं विशिष्ट क्रमाने पेरली. मोर्स संकेतात वाचलं तर त्याचा अर्थ 'रंगेहाथ' असा होत होता. तीही चिन्हं तशीच गूगलवर उमटली. हे २०१९ मध्ये जाहीर झालं. आपण हा मजकूर परवाना घेतलेल्या पुरवठादारांकडून घेतो, असं गूगलचं उत्तर होतं. जीनियस कोर्टात गेली आणि हरली, कारण गाण्यांच्या शब्दांवर तिची मालकीच नव्हती. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही प्रकरण ऐकायला नकार दिला. ऐकून उतरवण्याच्या कष्टाला कायद्याच्या लेखी किंमत शून्य.

यंत्रं बनवणाऱ्यांना मात्र ही किंमत नीट ठाऊक आहे. गूगलने २०२४ च्या सुरुवातीला रेडिटशी मजकूर वापरण्याचा करार केला. वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा, अशी बातमी होती. तिथले लिहिणारे विनामोबदला लिहितात हे सांगायला नकोच. जुलै २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनात एका भाषायंत्राला त्याच्याच मजकुरावर पुन्हा पुन्हा शिकवून पाहिलं होतं. सुरुवात मध्ययुगीन बांधकामापासून झाली. नवव्या पिढीपर्यंत यंत्र निरनिराळ्या रंगांच्या शेपटीच्या सशांची यादी बडबडत होतं. ताजा मानवी मजकूर नसेल तर यंत्रांचंही भागत नाही.

मराठी वाचकाच्या बाबतीत या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख. इतकी मोठी भाषा, पण इंटरनेटवर तिच्यातला मजकूर त्या मानाने फारच थोडा. ही पोकळी भरायला भाषांतरयंत्रं तयारच आहेत. गूगलच्या भाषांतरात २०१७ मध्ये नवं तंत्र आलं तेव्हापासून मराठी वाक्यं बरी जुळू लागली. ॲमेझॉनच्या संशोधकांसह काही अभ्यासकांनी जानेवारी २०२४ मध्ये ९० भाषांतली ६.४ अब्ज वाक्यं तपासून दाखवलं की, त्यांतली ५७ टक्के तीन किंवा अधिक भाषांत एकमेकांची भाषांतरं म्हणून फिरत आहेत. जाहिरातीसाठी इंग्रजीत पाडलेला सुमार मजकूर यंत्राने एकदम अनेक भाषांत ओतला जातो, आणि कमी साधनांच्या भाषांत उपलब्ध मजकुराचा मोठा वाटा हाच असतो. म्हणजे मराठीत शोधणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा उसन्याचंही उसनं येतं.

त्याच्या खुणा वाचकाला पाठ झाल्या असतील. मथळ्याच्या शेवटी 'संपूर्ण माहिती मराठीत'. पहिल्या परिच्छेदात 'या लेखात आपण जाणून घेणार आहोत', दुसऱ्यात तेच पुन्हा, आणि चौथ्यापर्यंत मुद्दा नाही. पाककृतीत 'आवश्यकतेनुसार पाणी' आणि 'चवीनुसार मीठ', पण डाळ किती शिट्ट्या, पुरण गरम असतानाच का वाटायचं, कट किती काढायचा, याचा पत्ता नाही. हापूसच्या मोहरावर तुडतुडे दिसले तर काय करावं हे शोधणाऱ्या देवगडच्या बागायतदाराला आंब्याचे आरोग्यदायी फायदे वाचायला मिळतात. ज्याने यंदा फवारणी केली, कोणत्या आठवड्यात केली, अवकाळीने किती मोहर झडला हे ज्याला ठाऊक आहे, तो हे कुठेच लिहून ठेवत नाही. लिहिलंच तर व्हॉट्सॲपच्या गटात, जिथे शोधयंत्र पोचत नाही.

उलटं उदाहरणही मराठीतच आहे. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झालं. गूगल कंपनीच्याही दोन वर्षं आधी. तिथे पाककृती लिहिण्याचा ठरलेला नमुना आहे : लागणारा वेळ, जिन्नस, क्रमवार कृती, वाढणी-प्रमाण, अधिक टिपा, आणि शेवटी 'माहितीचा स्रोत'. या शेवटच्या रकान्यात कुणी आई लिहितं, कुणी सासूबाई, कुणी स्वतःचे प्रयोग. 'अनुभव' हा निकष गूगलच्या मार्गदर्शिकेत २०२२ मध्ये आला; इथे तो रकाना कधीचाच होता. खाली प्रतिक्रियांत कुणीतरी सांगतं की अमेरिकेतल्या पिठाला पाणी जास्त लागतं, मूळ लेखिका ते मान्य करते, आणि कृती आणखी पक्की होते.

मौलिक मजकुराला मोल आहे, याबद्दल गूगलपासून यंत्रं बनवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. ते मोल लिहिणाऱ्याच्या हाती पोचेल अशी व्यवस्था मात्र कुणीही केलेली नाही. ती होईपर्यंत वाचकाने निदान एवढं करावं. ज्या पानाने खरोखर अडचण सुटली त्याचा पत्ता जतन करून ठेवावा आणि पुढच्या वेळी गूगलला न विचारता थेट तिथे जावं. लेखाखाली लेखकाचं नाव पाहावं, त्याने स्वतः काय केलं ते शोधावं. आणि आपल्या गावची, आपल्या कामाची एखादी गोष्ट मराठीत कुठेच सापडली नाही, आणि आपल्याला ती ठाऊक असली, तर ती तारीख, ठिकाण आणि मापासकट लिहून सर्वांना दिसेल अशा जागी टाकावी.